उरलेले आठ चिंचोके

एकदा एक वृद्ध वस्ताद होता. नदीकाठच्या सात गावांना कबड्डी शिकवता शिकवता त्याचे केस पांढरे झाले होते, आणि आता तो एकाच गावाच्या मैदानाकडेला बसून असे. त्याचा शिष्य त्या गावच्या संघाचा कर्णधार होता. अंगाने तगडा, मनाने जरा उतावळा.

त्या सात गावांची एक रीत होती. दर वर्षी सामने संपले की दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या जुन्या चिंचेखाली गड्यांचा बाजार भरे. एका गावाकडून तीन वर्षे खेळलेला गडी मोकळा होई आणि चिंचेच्या सावलीत येऊन बसे. पंच प्रत्येक गावाला मडक्यात घालून शंभर चिंचोके देत. श्रीमंत गावालाही शंभर, गरीब गावालाही शंभर. तेवढ्यातच जुने गडी राखायचे आणि नवे बोलीने घ्यायचे. दिवसभर बोली हवी तितकी चढवावी. पण सूर्य मावळेपर्यंत सगळे शंभरात बसले पाहिजे. न बसले तर आपलाच कुणी गडी सोडून द्यावा लागे. मडक्यात जे उरेल त्याला पुढच्या वर्षी काही किंमत नसे, ते तिथेच भाजून खाऊन टाकत. म्हणून चिंचोके उरवणारा माणूस लोकांना वेडाच वाटे.

आणि एक रीत कठोर होती. जो संघ लागोपाठ तीन वर्षे तळाला राहील, त्याने संघ मोडायचा आणि मैदानात नांगर घालायचा. शिष्याचा संघ दोन वर्षे तळाला होता.

शेवटचा सामनाही ते हरले होते. समोरच्या संघात तुळाजी नावाचा चढाईपटू होता. चढाईला आला की वारा शिरल्यासारखा शिरायचा. त्याने शिष्याला भर सामन्यात तीनदा मातीत लोळवले होते, आणि लोक हसले होते. तोच तुळाजी आता मोकळा झाला होता. शिष्याने मनोमन ठरवून टाकले, काहीही होवो, हा गडी आपलाच.

बाजाराच्या दिवशी उजाडता उजाडता वस्तादाने शिष्याला मैदानावर नेले. धुके इतके दाट होते की पलीकडची नदी नुसती ऐकू येत होती. कालच्या सामन्यानंतर वस्तादाने मैदान झाडू दिले नव्हते. दवाने माती ओली होऊन पाऊलन् पाऊल उमटून दिसत होते. वस्ताद काठीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "बघ बाबा, काय दिसतं ते." शिष्याला पाऊलखुणांखेरीज काही दिसले नाही. डाव्या कोपऱ्यातली माती मात्र फार खरवडलेली होती, एवढे त्याने पाहिले आणि घाई करून तो बाजाराकडे निघाला.

बाजारात त्यांच्या मडक्यात साठ चिंचोके मोकळे होते आणि संघात चार जागा रिकाम्या. एवढे मोकळे चिंचोके त्या दिवशी दुसऱ्या कुणाकडे नव्हते. तुळाजीची बोली सुरू झाली. वरच्या गावासाठी बोली लावणारा व्यापारी, ज्याच्याकडे पस्तीसच मोकळे होते, तो हट्टाने अठ्ठावन्नपर्यंत चढला. शिष्य साठ म्हणायला तोंड उघडतो तोच वस्तादाने मडक्यावर हात ठेवला. तुळाजी व्यापाऱ्याकडे गेला.

थोड्या वेळाने म्हसू नावाचा एक वयस्क गडी पुढे आला. डाव्या कोपऱ्यात उभा राहून घोटे धरण्यात त्याची उमर गेली होती. त्याच्यावर कुणी बोलीच लावीना. वस्तादाने बारा चिंचोके दिले आणि त्याला घेतले. मग मडक्यावर झाकण ठेवले, पागोटे उशाला घेतले आणि चिंचेखाली झोपी गेला.

व्यापाऱ्याला मजा वाटली. "वस्ताद, मैदान नांगरायला आमचे बैल पाठवू का?" तो म्हणाला. "आणि म्हसूभाऊंना नांगर धरायला ठेवा. वाकायची सवय आहेच त्यांना."

शिष्याची मान खाली गेली. त्याच्या डोळ्यांसमोर नांगराचा फाळ मैदानातून सरकताना दिसू लागला. चिंचेची बारीक पाने झोपलेल्या म्हाताऱ्याच्या छातीवर पडत होती आणि त्याच्या श्वासाबरोबर वरखाली होत होती. दुपार नदीसारखी संथ वाहत राहिली. एकेका गावाचे मडके रिते होत गेले.

ऊन कलले तेव्हा पंचांनी हाक दिली, ज्यांचे शंभराच्या वर गेले आहे त्यांनी गडी सोडावेत. व्यापाऱ्याचे तेवीस जास्त झाले होते. त्याने जड मनाने दोन तरुण भाऊ सोडले. ते हातात हात गुंफून साखळी धरत, आणि ती साखळी कुणी तोडलेली नव्हती. खालच्या गावानेही एक चांगला चढाईपटू सोडला. तिघे येऊन सावलीत बसले, पण त्यांच्यावर बोली लावायला कुणाच्या मडक्यात काही उरलेच नव्हते.

तेव्हा वस्ताद उठून बसला. झाकण काढले. भावांना प्रत्येकी पंधरा दिले, चढाईपटूला दहा. तिघांनीही मान डोलावली. चारही जागा भरल्या आणि आठ चिंचोके उरले. ते त्याने बाजारातल्या शेकोटीच्या निखाऱ्यावर टाकले.

शिष्य निखाऱ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "वस्ताद, सकाळीच का नाही सांगितलंत?"

"सकाळी तू ऐकलं नसतंस रे," वस्ताद म्हणाला. "सकाळी मडकं जड असतं. जड मडकं हातात असलं की माणसाला आपली गरज दिसत नाही, आपला अपमान दिसतो. तुळाजीनं तुला पाडलं म्हणून तुला तो हवा होता. मैदानाला कोण हवं होतं? दवानं दाखवलं होतं. आपल्याकडे चढाईला आलेला प्रत्येक गडी डाव्या कोपऱ्यातूनच निसटून गेलाय. तिथं म्हसू हवा होता. बाकीच्या जागांची मला घाई नव्हती. लोक हट्टानं घेतात, मग हातातलं चांगलं सोडतात. तेव्हा कुणाकडे तरी उरलेलं असावं लागतं."

"आणि हे आठ वाया गेले ते?"

"आठांची गरज नव्हती, म्हणून ते उरले. त्यांच्यासाठी उगाच कुणाला आणून बसवायचं होतं का?"

त्याने भाजलेले चिंचोके शिष्याच्या ओंजळीत ठेवले. स्वतःला दात नव्हते, म्हणून एकच तोंडात धरून चघळत बसला.

पुढच्या वर्षी तो संघ पहिला आला नाही. तिसरा आला. तुळाजीने त्यांच्यावर गुणही घेतले, पण एका चढाईत म्हसूने त्याचा घोटा धरला, दोघा भावांची साखळी मिटली, आणि वारा तिथेच थांबला. मैदानात नांगर आला नाही.

सामने संपले त्या रात्री शिष्याने कुणाला मैदान झाडू दिले नाही. पहाटे तो एकटाच धुक्यात जाऊन उभा राहिला आणि ओल्या मातीकडे सावकाश पाहू लागला. डावा कोपरा शांत होता. मग तो घरी आला, आणि बाजाराला जाताना वस्तादासाठी चिंचेखाली अंथरायला एक घोंगडी बरोबर घेतली.