सगुणाला कुणी विचारलंच नव्हतं

एका बंदरगावात माणकशेठ नावाचा व्यापारी राहत होता. त्याचा बैलांचा तांडा मीठ घेऊन घाट चढे आणि धान्य घेऊन उतरे. शेठ मोठा मायाळू. तांड्यातला एखादा बैल लंगडला तरी त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

त्याच्या पेढीवर सगुणा नावाची बाई कारभार बघे. वडिलांच्या मागे चालत चालत ती लहानपणीच घाट शिकली होती. बैल पारखावे तिने, माणसं निवडावी तिने, भांडणं मिटवावी तिनेच. तांड्याचा नायक मात्र दर वेळी दुसराच कुणी होई. पहिल्यांदा जागा रिकामी झाली तेव्हा शेठ म्हणाला, "आपल्या सगुणाचं लग्न ठरलंय. कशाला तिच्या जिवाला घोर?" पुन्हा रिकामी झाली तेव्हा तिचं मूल अंगावर पीत होतं. "ओल्या बाळंतिणीला घाटात धाडू? माझ्याने नाही व्हायचं," असं म्हणून त्याने भिवा नावाच्या गड्याला नायक केलं. त्या भिवाला घाटातले पाणवठे दाखवायला सगुणाच गेली, मूल पाठीशी बांधून. त्यात काही वावगं आहे, हे शेठच्या ध्यानातही आलं नाही.

एका वर्षी तांडा परतत असताना घाटात धुकं उतरलं, ते काही केल्या उठेना. दोन बैल दरीत गेले. माणसांचा धीर सुटला आणि भिवा एकटाच धडपडत खाली आला.

"शेठ, हाताला हात दिसत नाही. वैरण संपली. तांडा गेला असं समजा."

पेढीवरची जाणती माणसं खाली बघू लागली. जायला कुणी तयार होईना. शेवटी एकजण म्हणाला, "सगुणाबाईंना धाडून बघा. नाहीतरी आता हातचं सगळं गेलंच आहे."

सगुणा उठली. "जाते. पण नायक म्हणून जाईन."

"आधी तांडा तर आणा," शेठ म्हणाला. "नायकपद कुठे पळून जातंय?"

"भिवाला नायक केलंत, तेव्हा त्याने आधी काय आणलं होतं?"

शेठने भिवाकडे पाहिलं. भिवाने नायकाची काठी पुढे केली. शेठने ती स्वतःच्या हाताने सगुणाला दिली, आणि राहवेना म्हणून तोही तिच्यामागून घाट चढू लागला.

वर पोचताच तो जागीच थांबला. वाट नाही, दरी नाही, आभाळ नाही. नुसतं पांढरं. त्यात शंभरेक बैलांच्या घंटा चहूबाजूंनी वाजत होत्या. कुठल्या आवाजामागे जावं हे ना बैलांना कळे, ना माणसांना.

सगुणा जरा वेळ नुसती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सगळ्या घंटा काढा. पुढच्या म्हाताऱ्या बैलाची तेवढी राहू द्या."

एकेक घंटा निघाली. घाट असा निःशब्द झाला की शेठला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. मग एकच घंटा हलली. त्या बैलाचं शिंग धरून, काठीने वाट चाचपत सगुणा पुढे निघाली. तिच्यामागे धुक्यातून शिंगांची एक जोडी उमटली, मग आणखी एक, मग त्यांना अंतच राहिला नाही. सारा तांडा आणि ती भेदरलेली माणसं त्या एका आवाजामागे दरीच्या कडेने उतरत होती. कुणाचा पाय घसरला नाही. शेठचे हात नकळत जोडले गेले. जन्मभर व्यापार केला, पण असं काही त्याने पाहिलं नव्हतं.

पायथ्याशी लख्ख ऊन होतं. शेठ तिच्याजवळ आला. "एवढं तुमच्यात होतं, सगुणाबाई! मला कधी बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी विचारलंत, शेठ? लग्न ठरलं तेव्हा मला झेपणार नाही हे तुम्हीच ठरवलंत, मूल झालं तेव्हाही तुम्हीच. माझ्यावर माया केलीत, माझं मत तेवढं विचारायचं राहून गेलं."

शेठने तिच्या हातातल्या काठीकडे पाहिलं. इतकी वर्षं आपण हिला जपतोय असं त्याला वाटत होतं. खरं तर तो तिच्या वाटेतच उभा होता.

गावाकडची वाट अरुंद होती. शेठ बाजूला सरला, आणि नायकाला त्याने पुढे जाऊ दिलं.

तात्पर्य: कुणाला काय झेपेल हे मायेपोटीसुद्धा परस्पर ठरवू नये, ज्याचं त्याला विचारावं, आणि जे पद एकाला नुसत्या विश्वासावर देतो, त्यासाठी दुसऱ्याकडे आधी पुरावा मागू नये.