दसऱ्याची नवी आवृत्ती आणि विणकरणीचा माग

एका राज्यात हत्ती होते, पालख्या होत्या आणि घरोघरी संगणकही होते. गोष्टच आहे, चालायचंच. त्या सगळ्या संगणकांची ऑपरेटिंग सिस्टीम एकच माणूस बनवायचा, राजाचा मुख्य यंत्री. दर दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की तो नवी आवृत्ती गावोगाव पाठवी.

माणूस हुशार, पण एक खोड होती. सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली असते. हा पठ्ठ्या दर वर्षी त्या जागा हलवायचा. गरज असो नसो! का, तर म्हणे, "आता कसं नीटनेटकं दिसतं."

आता पाण्याचा पंप असो की छपाईचं यंत्र, प्रत्येकाचा एक ड्रायव्हर असतो. यंत्राचं म्हणणं कर्नलला सांगणारा छोटासा प्रोग्रॅमच तो. कारागीर तो तयार करून बंद स्वरूपात देत, आत उघडून दुरुस्त करायची सोय नसे. कर्नलमधल्या जागा हलल्या की जुना ड्रायव्हर भलतीकडेच हात घाली आणि यंत्र ठप्प होई. मग कारागिरांनी सगळे ड्रायव्हर पुन्हा बनवायचे. दर वर्षी! बिचाऱ्यांना दसऱ्याचं सोनं वाटायलाही सवड नसे.

त्या राज्यात एक विणकरीण होती. तिचा माग संगणकावर चाले. सासूने आणि आजेसासूने काढलेल्या नक्षी त्यातच साठवलेल्या, आणि सगळं घर त्या नक्षींवर जगत होतं. एका दसऱ्याला नवी आवृत्ती आली आणि माग बंद पडला. ती तडक यंत्र्याकडे गेली.

"ड्रायव्हर नवा करून घ्या," यंत्री म्हणाला.

"ज्यानं केला होता तो कारागीर वारला, साहेब."

"मग नवा माग घ्या."

"नव्या मागाला या नक्षी कळत नाहीत. अहो, ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपला की आम्ही नव्या धाग्याचं टोक जुन्याला गाठ मारून जोडतो, म्हणजे एकेक धागा ओवून फणी पुन्हा भरावी लागत नाही. तुम्हाला नवं घालायचंय तर शेवटी घाला की! मधलं कशाला उपसता?"

"गाभ्यात काय कुठे ठेवायचं हे आता विणकर शिकवणार का?"

पालथ्या घड्यावर पाणी! विणकरणीने घरी येऊन जुनी आवृत्ती परत चढवली. माग चालू झाला. ते ऐकून गावंच्या गावं तेच करू लागली. पुढच्या दसऱ्याची आवृत्ती कुणी घेतलीच नाही.

आणि नेमकं तेव्हाच यंत्र्याला जुन्या आवृत्तीत एक भोक सापडलं, चोराला आत शिरता येईल एवढं. नव्या आवृत्तीत त्याने ते लगेच बुजवलं. त्याने दवंडी पिटली, "नवी आवृत्ती घ्या हो, चोर येईल!"

लोक म्हणाले, "म्हणजे आमची यंत्रं पुन्हा बंद पाडून घेऊ? नको रे बाबा." विणकरीणही तेच म्हणाली. दर वर्षी विनाकारण छळलेल्या माणसांनी या वर्षी खरंच कारण आहे हे ओळखायचं तरी कसं?

चोर आला. शेकडो घरांतल्या संगणकांत शिरून सापडेल ते पुसून गेला. राजा यंत्र्यावर कडाडला. मग मात्र यंत्र्याने मुकाट्याने सगळ्या जुन्या गोष्टी होत्या तिथेच ठेवल्या आणि नवं ते शेवटी जोडलं. काम किती दिवसांचं? दोन!

ती आवृत्ती घेऊन तो स्वतः विणकरणीच्या घरी गेला. ड्रायव्हर जुनाच होता, तरी माग खडखडत चालू झाला.

"बघा, चालला!" यंत्री हरखून म्हणाला.

विणकरीण संगणकाच्या पडद्याकडे बघत होती. चोराने एकही नक्षी मागे ठेवली नव्हती.

"चालला हो साहेब," ती म्हणाली. "आता विणू काय?"

तात्पर्य: ज्यांचा संसार आपल्या कामाच्या आधाराने उभा आहे, त्यांच्या पायाखालचं उगाच हलवू नये; नाहीतर खऱ्या संकटात मारलेली आपली हाकही त्यांना खोटी वाटते.