खडकाजवळचे झाड

वसईच्या एका वाडीत इनास तुस्कानो नावाचा फुलबागायतदार राहत होता. त्याच्या मोगऱ्याला बाजारात मान होता आणि त्याच्या शब्दालाही. वाडीत कुणाचा वाद झाला की लोक म्हणत, "इनासला विचारा. तो खोटं बोलायचा नाही." हे ऐकायला इनासला आवडे.

नाताळात त्या वाडीत घरोघरी येशूजन्माचा गोठा मांडत आणि शेजारी सुरूचे झाड उभे करत. मागच्या वर्षी इनासचे झाड विरळ निघाले होते. बघायला आलेले लोक घटकाभर थांबत आणि पुढच्या दारी जात. ते त्याच्या मनाला लागले. यंदा असे झाड आणायचे, की बघणाऱ्याचा पाय दारातून निघता कामा नये, असे त्याने ठरवले.

म्हणून नाताळ चार दिवसांवर आला तेव्हा तो आपली बायको सेसिलिया हिला घेऊन घाटमाथ्यावरच्या एका गावी गेला. थंड हवाही खायची आणि झाडही आणायचे, असा दुहेरी बेत. त्या गावात सगुणाबाई ढेबे नावाच्या शेतकरी बाईने डोंगरउतारावर सुरूच्या रांगा लावल्या होत्या. पाहुण्यांनी वर जायचे, मनाजोगते झाड निवडायचे आणि आपल्या हाताने कापून आणायचे. राहायला तिच्याच घरातली एक खोली मिळे.

सगुणाबाईने इनासच्या हाती करवत दिली. "ज्या झाडाला चिंधी बांधलीय ते आधीच कुणीतरी धरलंय. तेवढं सोडून कुठलंबी कापा," ती म्हणाली. "मी काय वर येत न्हाई. गुडघं ऐकत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सेसिलिया अंगणात उन्हाला बसली आणि इनास एकटाच वर गेला. झाडे चांगली होती, पण एकही त्याच्या मनात भरेना. कुठे शेंडा वाकडा, कुठे एक अंग रिकामे. शेवटी वरच्या रांगेत, एका मोठ्या खडकाजवळ, त्याला हवे होते ते झाड दिसले. सरळ, उंच, चारी अंगांनी भरलेले. त्याच्या फांदीला जुन्या साडीच्या काठाची पिवळी चिंधी बांधलेली होती.

इनास पुढे गेला आणि परत आला. पुन्हा पुढे गेला, पुन्हा परत आला. ज्याने चिंधी बांधली त्याला एक झाडच हवे आहे ना, त्याने स्वतःला समजावले. झाड त्याला मिळेलच. मग त्याने गाठ सोडली. दोन रांगा खाली एक कुबड काढलेले झाड होते, त्याला ती चिंधी बांधली. खडकाजवळचे झाड कापले. बुंध्याच्या उरलेल्या खुंटावर माती लोटली आणि वर वाळले गवत पसरले. ते गवत पसरताना त्याचे कान तापले होते, पण हात थांबले नाहीत. खाली आल्यावर त्याने झाड गोणपाटात गुंडाळून गाडीच्या टपावर बांधून टाकले.

दुपारी एक म्हाताऱ्या बाई आल्या. एस्तेरबाई आढाव त्यांचे नाव. गावच्या शाळेत त्यांनी तीस वर्षे शिकवले होते आणि आता गावाच्या दुसऱ्या टोकाला एकट्याच राहत होत्या. बरोबर पुण्याहून आलेला त्यांचा भाचा विनय होता. त्याला करवत धरता येईना, म्हणून सगुणाबाई इनासला म्हणाली, "दादा, तुमी जरा बाईंसंगं वर जाता का?"

नाही म्हणायला इनासला कारण सापडले नाही.

एस्तेरबाई काठी टेकत थेट खडकापाशी गेल्या. तिथे थांबल्या. इकडे पाहिले, तिकडे पाहिले.

"इथंच होतं," त्या म्हणाल्या. "महिन्यापूर्वी मी स्वतः चिंधी बांधली."

"आत्या, पिवळी चिंधी तर ही खाली आहे," विनय खालून म्हणाला.

एस्तेरबाई खाली आल्या. त्या वाकड्या झाडाला हात लावला. चिंधीचा काठ बोटांनी चाचपून पाहिला. तो त्यांच्याच साडीचा होता.

"मग हेच असेल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "खडकाजवळचं कसं काय डोक्यात बसलं माझ्या?"

इनास गुडघ्यावर बसला आणि ते झाड कापू लागला. त्याला मान वर करवेना. भुसा त्याच्या डोळ्यांत उडाला, पण डोळे पुसायलाही तो थांबला नाही.

"फार उपकार झाले," एस्तेरबाई त्याला म्हणाल्या. "अनोळखी माणसासाठी एवढं कोण करतं?"

अंगणात सगुणाबाईने सगळ्यांना चहा दिला. एस्तेरबाईंनी कप हातात तसाच धरून ठेवला होता. जरा वेळाने त्या भाच्याला म्हणाल्या, "विनय, तू वर्षभर म्हणतोयस, की आत्या, तुझ्या लक्षात राहत नाही, एकटी राहू नकोस. गॅस चालू राहिला तेव्हा मी तुझ्याशी भांडले. पण आज मी पाहिलं. ज्या झाडाला स्वतः हात लावला ते मला ओळखता आलं नाही. तुझं बरोबर आहे. नाताळ झाला की घर बंद करू. मी पुण्याला येते."

विनयने मान हलवली. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण आत्याचा चेहरा पाहून तो होईना.

इनासने कप खाली ठेवला. 'आता बोल,' त्याच्या मनाने म्हटले. त्याने तोंडही उघडले. तेवढ्यात सगुणाबाईने त्याच्यासमोर पेरूंची टोपली ठेवली. "तुमी मदत केली म्हनून," ती म्हणाली. मदत हा शब्द ऐकला आणि त्याचे तोंड मिटले. एस्तेरबाई उठल्या, भाच्याच्या हाताला धरून गाडीत बसल्या आणि निघून गेल्या.

"बरं केलंत तुम्ही," सेसिलिया म्हणाली. "वाईट वाटलं हो बाईंचं."

इनास उठून गाडीमागे जाऊन उभा राहिला. बायकोच्या डोळ्यांसमोर उभे राहणे त्याला जमेना. ती मागोमाग आली. तेव्हा त्याने टपावरच्या गोणपाटाकडे बोट दाखवले आणि सगळे सांगितले. चिंधी सांगितली, माती सांगितली, गवतही सांगितले.

सेसिलियाने गोणपाट जरासे उचलून झाड पाहिले. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्यांना जाऊन सांगा. मी बरोबर येणार नाही. हे तुमचं तुम्हीच करायचं."

संध्याकाळी इनास गावाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचला तेव्हा एस्तेरबाईंच्या घराचे दार उघडेच होते. वाकडे झाड कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभे केले होते आणि त्यावर कागदी तारे लावले होते. विनय कपाटातली पुस्तके खोक्यात भरत होता. इनास उंबऱ्याबाहेरच थांबला.

"बाई, तुमचं झाड खडकाजवळच होतं," तो म्हणाला. "ते मी कापलं. चिंधी मीच सोडून दुसऱ्या झाडाला बांधली. खुंट मातीखाली आहे."

विनय ताडकन उठला. एस्तेरबाईंनी त्याला हातानेच थांबवले.

"खडकाच्या डाव्या अंगाला?" त्यांनी विचारले.

"हो."

"खांद्याएवढ्या उंचीवरच्या फांदीला गाठ होती?"

"हो, बाई."

एस्तेरबाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी डोळे मिटले आणि एक मोठा श्वास घेतला. मग म्हणाल्या, "विनय, पुस्तकं परत कपाटात लाव. पुण्याला यायचं की नाही ते मी शांतपणे ठरवीन. आजच्या झाडावरून नाही."

"झाड गाडीवर आहे," इनास म्हणाला. "आत्ता आणून देतो."

"नको. याला मी सजवलंय, आता हेच राहू दे. झाडाचं एवढं काही नाही. पण दुपारभर मी माझ्याच डोळ्यांना खोटं ठरवत बसले होते. ती दुपार तुम्ही मला कुठून आणून देणार?"

एस्तेरबाईंनी त्याला बसा म्हटले नाही आणि जा असेही म्हटले नाही. तो हात जोडून परत फिरला.

सगुणाबाईलाही त्याने सांगितले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "म्हंजे आता गुडघं दुखलं तरी पाहुण्यांसंगं मला वर यावं लागंल." रागावली असती तर बरे झाले असते, असे इनासला वाटले.

ते झाड त्याने गावच्या चर्चच्या आवारात उतरवले आणि रिकाम्या टपाने तो घरी आला. त्या नाताळात त्याच्या गोठ्याशेजारी झाड नव्हते. लोक थबकत आणि विचारत, "इनास, यंदा झाड नाही?" दरवेळी त्याला खाली पाहावे लागे. पण दरवेळी त्याने खरे तेच सांगितले.

तात्पर्य: लबाडीने आपण दुसऱ्याची वस्तूच नेतो असे नाही, कधी कधी त्याचा स्वतःवरचा विश्वासही नेतो. वस्तू परत करता येते. तो विश्वास मात्र आपला अपराध तोंडाने कबूल केल्यावाचून परत देता येत नाही.