मुठीजवळची खाच

सोनवडीची ही गोष्ट माझ्याइतकी अचूक कुणीच सांगू शकत नाही. कारण मला खोटं पाडतील असे म्हातारे केव्हाच खपले.

तर येसूबाई लोहारीण. तिचा नवरा आणि पोरगा, दोघंही देसायांच्या गढीचा तट बांधताना वेठीवर मेले. वेठीला न जाणारी घरं गावात दोनच: देसायांच्या मेहुण्याचं आणि कारभाऱ्याचं. येसूबाईकडे उरली एक ऐरण आणि एक लहान नात.

देसायांनी आपलं पोलाद देऊन तिच्याकडून घडीचा चाकू करवून घेतला. उघडून बघतात तर पात्याला मुठीजवळ बारीक खाच! भर सदरेत ते कडाडले, "माझं पोलाद चोरलंस? हिची ऐरण जप्त करा!"

ऐरण गेली की चूल विझली. येसूबाई पुढे झाली. "चोरी नाही, सरकार. खाच नसली तर पाजळताना मुठीलगतची धार दगडाला लागतच नाही. बाकीचं पातं झिजत जातं, तेवढा कोपरा जाडच राहतो. शेवटी चाकू कापायचाच थांबतो."

"राहू दे की जाड!" देसाई म्हणाले. "मुठीजवळचं झिजू नये, ह्यालाच मजबुती म्हणतात."

शेजारी बसलेले मेहुणा आणि कारभारी पोटं धरून हसले. पोटं एवढी, की धरायला हात पुरेनात.

येसूबाईनं त्यांच्याकडे बघितलं, पदर सावरला. "मग ऐरण राहू द्या, सरकार. पुढचा चाकू तुमच्या दौलतीसारखा करते. हाताशी बसलेल्यांना दगड लागायचा नाही, आणि बाकीचे घासून घासून संपतील."