कागदाखालची पट्टी

"...पण तिला असं काय शिकवलंत, जे मला नाही शिकवलं?"

अभिनंदनने दस्तगीरचाचांना हे विचारलं तेव्हा मिरजेच्या त्या गेम पार्लरमध्ये आम्ही चौघेच होतो. चाचा मशीनची बटणं पुसत होते.

मी तिथलाच जुना खेळाडू, म्हणून स्पष्ट सांगतो, पोरगा जळत होता. तीन वर्षं चाचांच्या हाताखाली घासला, आणि आठ महिन्यांपूर्वी आलेली प्रणोती त्याला रोज हरवायची. सांगलीच्या स्पर्धेला चाचा एकालाच पाठवणार होते. ती चाचांशी हळू आवाजात बोलली, तरी याचं डोकं फिरायचं.

आम्ही खेळायचो त्या मारामारीच्या खेळात प्रत्येकाची पडद्यावर खाली एक पट्टी असते. झुंजताना ती भरत जाते. पूर्ण भरली की एक जबर डाव टाकता येतो. अभिनंदनची पट्टी भरली रे भरली, की हा उधळून मोकळा. प्रणोती मात्र भरलेली पट्टी तशीच राखून पुढे सरकायची, आणि हा त्या डावाच्या धास्तीने अंग चोरायचा.

चाचांनी प्रणोतीला बसवलं. सेटिंगमध्ये काहीतरी खुडबूड केली. मग वर्तमानपत्राचा एक तुकडा घेऊन तिच्या पट्टीवर चिकटवला.

"खेळा. हा जिंकला तर सांगलीला हाच जाईल."

अभिनंदनची नजर त्या कागदावरून हलेना. पडद्यावर प्रणोती एक पाऊल पुढे आली, की याचा हात लगेच बचावाला. ती थांबली, तरी बचावच. स्वतःची पट्टी भरून लुकलुकत होती, तिकडे त्याचं लक्षच नाही. प्रणोतीने साध्या लाथा मारमारून त्याला संपवलं.

"बघा ना," तो चिडून म्हणाला. "सगळा वेळ तो डाव राखून बसली होती. मी करणार काय?"

चाचांनी कागद ओढून काढला.

पट्टी रिकामी होती.

"त्यांनी ती आधीच बंद केली होती," प्रणोती खाली बघत म्हणाली. "माझ्याकडे काहीच नव्हतं."

अभिनंदनचे कान लाल झाले होते.

"चाचा... खरं सांगा. तिला वेगळं काहीतरी शिकवलंय ना तुम्ही?"

चाचांनी त्या रिकाम्या पट्टीवर बोट ठेवलं.

"एवढंच."