टेकडीवरचं आधण

"पण आक्का, तांदूळ कुठे आहेत?"

"तांदळाचं कोण बोललं? आधण ठेव."

त्र्यंबक उभाच राहिला. मडक्यात तांदळाचा दाणा नव्हता.

"नुसतं पाणी उकळून काय करायचं?"

"तुळशीची पानं टाकू. पिऊ."

"आणि मग?"

"मग संध्याकाळ होईल."

त्याने चूल पेटवली. लाकडं ओली होती. खोलीभर धूर झाला, मग कौलांतून वाट काढत वर गेला.

खाडीकाठच्या टेकडीवर दोन खोल्यांची कौलारू झोपडी, तोच मठ. गोदाक्का तिथे कधी आल्या, हे गावातल्या वयस्कर माणसांनाही सांगता येत नसे. मठात धान्य साठवायचं नाही, असा नियम होता. एकेका घरचा शिधा पाळीने येई आणि त्याच दिवशी संपे. शिधा येण्याआधी मात्र चुलीवर आधण चढलेलं असलं पाहिजे. आधी पाणी, मग तांदूळ. तांदूळ आले नाहीत, तरी पाणी.

त्र्यंबक काशीला न्यायशास्त्र शिकून आला होता. वादात त्याला कोणी हरवलं नव्हतं. देवाविषयी विचारायला म्हणून तो आक्कांकडे आला, आणि आक्कांनी त्याला चूल दिली.

त्या वर्षी गावपळण आली.

ग्रामदेवाचा तसा कौल झाला की सगळा गाव घरं सोडून, गुराकोंबड्यांसकट, शिवेबाहेर राहायला जातो. परतीचा कौल मिळेपर्यंत गावात पाऊल टाकायचं नाही, गावात चूल पेटवायची नाही. यंदाही लोक ढोल वाजवत खाडीपलीकडे गेले आणि तिथल्या माळावर त्यांनी झावळ्यांच्या खोपी उभारल्या. मठाची टेकडी शिवेबाहेरची. पण तिथे यायची वाट गावातून. ती बंद झाली.

निघण्याआधी गावचा प्रमुख मानकरी, गावकार, तांदळाची गोणी घेऊन आला होता. आक्कांनी त्यातून एका वेळचे तांदूळ काढून घेतले.

"बाकीचे ने. तिकडे पोरं आहेत."

"आक्कानू, मग तुमी काय खातलास?"

"तुझा देव तुम्हाला घराबाहेर काढतो, तेव्हा तुम्ही विचारता का त्याला, काय खाऊ म्हणून?"

गावकार हसला. गोणी पाठीवर टाकून गेला.

त्र्यंबक हसला नाही.

ठरल्या दिवशी मानकरी देवळात जाऊन आले. देवाने परतीचा कौल दिला नाही. लोक माळावरच राहिले. ढोल थांबला.

आणि मठात रोज आधण चढत होतं...

"आक्का, एक विचारू?"

"भूक लागली की तुला प्रश्न फार सुचतात. विचार."

"डोंगरावर धूर दिसला, की तिथे अग्नी आहे हे न पाहताही कळतं. आमच्या शास्त्रात पहिल्याच वर्षी शिकवतात. धूर ही अग्नीची खूण."

"बरं."

"मग देव आहे याची खूण काय? त्याचा धूर कुठे आहे?"

आक्का करवंटीतलं गरम पाणी फुंकून प्यायल्या.

"उद्या आधण जरा लवकर ठेव," त्या म्हणाल्या.

"हे उत्तर नाही."

"नाही."

"उद्या मी आधण ठेवणार नाही."

आक्कांनी करवंटी खाली ठेवली.

"आणि उद्या उन्हं कलेपर्यंत अन्न आलं नाही, तर मी निघालो. देव असेल तर त्याला माझ्या रिकाम्या पाण्याची गरज नाही. नसेल तर मला नाही."

"गाठोडं बांधलंस?"

"बांधलं."

"पंचा बाहेर वाळतोय तुझा. तो राहील."

दुसऱ्या दिवशी चूल थंड होती. आक्का नेहमीच्या वेळी येऊन चुलीपाशी बसल्या. राखेवर तळहात धरला. मग हात मांडीवर ठेवला.

रागावल्या नाहीत. स्वतः उठून पेटवलीही नाही.

त्र्यंबक दारात बसून होता, शेजारी गाठोडं. पंचा त्याने आत घातला होता.

दुपारी पूर्ण ओहोटी होती. टेकडीच्या मागच्या अंगाने, जिथून कधीच कोणी येत नसे, तिथून एक बाई खडक धरत धरत वर आली. मांडीपर्यंत चिखल. डोक्यावर पितळी डबा.

खालच्या वाडीतली शेवंता. गावाची शीव चुकवण्यासाठी ती पलीकडच्या माळावरून खाडीच्या गाळातून चालत आली होती.

"आक्कानू! बरे आसास मा?"

"बरी आहे गं. तू कशी आलीस?"

शेवंता मटकन खाली बसली. तिला बोलायला दम पुरेना.

"सकाळपासून धूर नाय... म्हटलां, आक्कांक काय झाला..."

त्र्यंबकाने डबा उघडला. पेज होती. झाकणात मिठाचा खडा.

तो मोठ्याने हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

"पाहिलंत आक्का? धूर दिसत होता तोवर सगळ्यांना वाटलं, मठात जेवणं चाललीत. म्हणून कोणी फिरकलं नाही. तुमच्या आधणाने आपल्याला उपाशी ठेवलं. मी चूल विझवली, आणि अन्न आलं!"

"खरं आहे," आक्का म्हणाल्या.

त्याला एवढ्या लवकर होकार नको होता.

"म्हणजे माझं बरोबर?"

"तुझं अनुमान बरोबर आहे. शेवंता, ही पेज कोणाची?"

शेवंताने पदराने तोंड पुसलं.

"म्हातारीची. माझ्या सासूची."

"ती काय खाणार?"

"ती आज खाय नाय, आक्कानू. कौल नाय मिळालो तेव्हापासून माणसां घाबरली हत. कोण म्हणता देव गाव सोडून गेलो. म्हातारी रोज सकाळी पोरांक घेऊन खाडीर बसता. थंयसून बोट दाखवता. 'थंय बघा, आक्काचो धूर. ती आसा, म्हणजे देव आसा. जेवा आता.' मगे पोरां जेवतत, मगे ती जेवता."

ती थांबली.

"आज धूर दिसलो नाय. पोरां रडाक लागली. म्हातारीन पेज तोंडाक लावूक नाय. म्हणाली, आक्काक ने."

खाली खाडीत पाणी परत चढू लागलं होतं.

त्र्यंबकाच्या हातात डबा होता. त्याने तो झाकला आणि शेवंतापुढे सरकवला.

"परत घेऊन जा. म्हातारीला दे."

"पी," आक्का म्हणाल्या.

"मला नको."

"काल उपाशी राहून रागावलास. आज उपाशी राहून मोठा होऊ नकोस. अर्धी पी. अर्धी ही नेईल."

तो प्यायला. पेज खारट लागली. मीठ त्याने घातलंच नव्हतं.

मग तो उठला. शेवंता म्हणाली, "आक्कानू, भरती येता. म्हातारीक काय सांगू?"

आक्कांनी चुलीच्या दिशेने मान वळवली. त्र्यंबक आधण चढवून चुलीपुढे वाकला होता. लाकडं आजही ओलीच होती. तो फुंकत राहिला, खोकत राहिला. डोळे लाल झाले. शेवटी धूर निघाला, खोलीभर झाला आणि कौलांतून वर गेला.

शेवंता अंगणात उभी राहून वर बघत होती. मग तिने डबा डोक्यावर घेतला आणि काही न विचारता खडकांवरून उतरू लागली.

बऱ्याच वेळाने खाडीपलीकडे, खोपींच्या मधून, एक धूर उठला. मग दुसरा.

त्र्यंबक दारातून बघत होता.

"आक्का... पलीकडून आपला धूर दिसतो, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला कसं ठाऊक असणार? मला अंगणातली तुळस दिसत नाही धड, खाडीपलीकडचं काय दिसणार?"

"मग इतकी वर्षं आधण कशासाठी ठेवलंत?"

"माझ्या गुरूंनी सांगितलं होतं."

"त्यांनी कारण नाही सांगितलं?"

"मी विचारलं होतं."

"मग?"

आक्का चुलीच्या बाजूला कान देऊन बसल्या होत्या.

"त्र्यंबका, आवाज बदललाय बघ. पाणी आटलं. तांब्याभर घाल."