चाळणीतलं पाणी

"चाळणीतून पाणी आण, नाहीतर भावाला विसर!" राजा भुजंगराव गरजला.

येसूचा गुन्हा एवढाच, की दरबारात कावड आणताना त्याच्या घागरीतला एक थेंब महाराजांच्या मखमली जोड्यावर पडला. लगेच कोठडी! आणि शेळ्या राखणारी त्याची थोरली बहीण सोनकी आता दरबारात उभी होती. तिला तेवढं एकच माणूस होतं.

"चाळणीत काही अंथरायचं नाही," प्रधान दाजीपंतांनी भर घातली. "एक थेंब गळला, तर येसू जन्मभर आत!"

"पाण्यात पाला टाकला तर चालेल?"

"पाला टाक, नाहीतर पंचांग टाक!" राजा म्हणाला. सगळा दरबार खदाखदा हसला. न हसणाऱ्याला दंड होता.

सोनकी तडक कुंपणावरच्या वासनवेलीकडे गेली. शेळ्यांमागे हिंडताना येसूला रिझवायला हा खेळ तिने शंभरदा केला होता. पानं ओरबाडली, विहिरीच्या पाण्यात खसाखसा चोळली, ते पाणी फडक्यातून पातेल्यात गाळलं आणि सावलीत ठेवून दिलं.

पहाऱ्यावर आलेल्या दाजीपंतांनी बोट पुढे केलं.

"हात लावू नका! थिजतंय ते. चोळामोळा केला की मोडतं."

"आम्ही राज्य ढवळतो, पोरी! पाण्याचं काय घेऊन बसलीस?" दाजीपंत म्हणाले. पण बोट मागे घेतलं.

दुपारी सोनकीने पातेलं चाळणीत उपडं केलं आणि चाळणी सिंहासनासमोर धरली. आत हिरवागार, थुलथुलीत गोळा, खरवसासारखा. थेंब गळेना!

राजा वाकून बघू लागला. "हे कसलं पाणी? ही तर मिठाई!"

"पाणीच आहे, महाराज. पानांतल्या बुळबुळीत रसाने त्याला धरून ठेवलंय. हवं तर प्रधानजींनी पिळून बघावं."

दाजीपंत इरेला पेटले. दोन्ही मुठींत धरून त्यांनी गोळा असा पिळला, की धार सुटली ती थेट महाराजांच्या जोड्यांत!

"अहो, पाणीच की हे!" दाजीपंत किंचाळले.

"ऐकलंत, महाराज? चाळणीतून आलं ते पाणीच!" सोनकी म्हणाली. "येसूने सांडला होता एक थेंब. यांनी जोडे भरले! येसूला बाहेर काढा, नाहीतर त्याच्या शेजारी यांचं अंथरूण घाला!"

राजाने भिजलेले जोडे पाहिले, दाजीपंतांच्या हिरव्या मुठी पाहिल्या आणि तो असा हसत सुटला, की मुकुट घरंगळत दारापर्यंत गेला. येसू सुटला. मखमली जोडे त्याच्या पायांत आले, सोनकीला वीस शेळ्या मिळाल्या आणि कावड महिनाभर दाजीपंतांच्या खांद्यावर गेली!